ऑटोबानवर दोनशे : मावसभाऊ येतोय, अनुभवी मंडळींनी जरा सांगा

गियरबदल | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

१२ सप्टेंबरला जर्मनीत श्टुटगार्टला उतरलो, कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलंय. मार्चमध्ये नाशिकहून मावसभाऊ येतोय. त्याला ना जंगल बघायचंय, ना किल्ले, फक्त ऑटोबान, म्हणजे इथले महामार्ग, ज्यांच्या बऱ्याच पट्ट्यांवर वेगमर्यादाच नाही. "एकदा २०० चा काटा बघायचा, मग मेलो तरी चालेल," असं म्हणतो. मावशीने मला वेगळा फोन करून सांगितलंय की यातला दुसरा भाग काही होऊ देऊ नकोस.

माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर एकच. ऑक्टोबरात आई-बाबा आले होते, भाड्याची गोल्फ घेऊन नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघायला निघालो. उल्मच्या पुढे ए-७ ला दोन्हीकडे दोन-दोनच लेन. पांढरी गोल पाटी आली, तिच्यावर तिरक्या काळ्या रेघा, म्हणजे सगळ्या मर्यादा संपल्या. उजव्या लेनमध्ये पोलंडचा ट्रक, त्याच्यामागे मी १२० वर. आरशात बघितलं, लांबवर टिकलीएवढे दोन दिवे. म्हटलं भरपूर वेळ आहे. इंडिकेटर दिला, डावीकडे आलो, आणि ट्रकच्या निम्म्यात पोचेस्तोवर त्या टिकल्यांची ताटं झाली होती. मागच्याने हॉर्न नाही, दिवे नाही, फक्त करकचून ब्रेक. त्याच्या गाडीचं नाक खाली दबलेलं मला आरशात दिसलं. आई मागे चिवड्याचा डबा उघडत होती, तिला काही कळलंच नाही. मी पुढचे साठ किलोमीटर ट्रकच्या मागे काढले.

तर आता विचारायचं असं की गाडी कुठली घ्यावी, रस्ता कुठला धरावा (मी ए-८१ ने झिंगेन आणि तिथून र्‍हाइनचा धबधबा असं ठरवतोय), आणि मावसभावाच्या हातात स्टिअरिंग द्यावं का?

सोलापुरी_चादर | १८ फेब्रुवारी, रात्री ९:५२

पोर्शे घ्या. आयुष्य एकदाच मिळतं. फोटो टाका.

तात्या_ब्राउनश्वाइग | १८ फेब्रुवारी, रात्री ११:१५

गियरबदल, रस्त्याचं नंतर. आधी तारीख बघा. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. तुम्ही १२ सप्टेंबरला आलात, म्हणजे १२ मार्चला तुमचं लायसन्स म्हणजे नुसतं ओळखपत्र. त्यानंतर गाडी चालवलीत तर तो इथे फौजदारी गुन्हा होतो, आणि इन्शुरन्सवाले काय करतील ते वेगळं. गंमत अशी की मावसभाऊ पाहुणा म्हणून येतोय, त्याचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट मात्र खुशाल चालेल. तुमचा बेत १२ तारखेनंतरचा असेल तर आत्ताच पुढे-मागे करा.

आता टिकलीबद्दल. तुम्ही १२०, तो २२०. फरक १०० चा, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. तो दोनशे मीटर मागे असेल तर सात सेकंदांत तुमच्या डिकीत. आणि ८५ ने जाणारा ट्रक १२० ने ओलांडून परत उजवीकडे यायला तुम्हाला आठ-दहा सेकंद लागतात. हिशेब जुळतच नाही. आपण पुण्यात आरसा बघतो तो 'कोणी आहे का' एवढं बघायला (बघतच असलो तर). इथे बघायचं ते 'केवढ्या झपाट्याने मोठा होतोय' हे. त्यासाठी एकदा बघून भागत नाही. बघा, एक सेकंद जाऊ द्या, परत बघा. मी इथे अठरा वर्षं आहे, अजून दोनदा बघतो.

आणि लोकांना वाटतं की मर्यादा नाही म्हणजे जबाबदारी नाही. १३० हा सल्ल्याचा वेग १९७४ पासून आहे, १९७८ मध्ये त्याचा रीतसर अध्यादेश निघाला. तो मोडला म्हणून दंड होत नाही. पण १९९२ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवून टाकलंय की १३० च्या वर असताना अपघात झाला, तर चूक पूर्ण समोरच्याची असली तरी नुकसानीचा काही वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो. सुटायचं असेल तर १३० वर असतो तरी हे असंच झालं असतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. करा सिद्ध.

गियरबदल | १८ फेब्रुवारी, रात्री ११:३१

बाप रे. लायसन्सचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तात्या, तुम्ही वाचवलंत. तो ५ मार्चला येतोय, बेत १५ चा होता. आता रविवार, ८ मार्च.

तात्या_ब्राउनश्वाइग | १८ फेब्रुवारी, रात्री ११:३८

रविवार उत्तम. रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना बंदी असते, उजवी लेन मोकळी मिळते. सकाळी लवकर निघा. संध्याकाळी परतताना अख्खं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य तुमच्याबरोबर घरी येत असेल.

पोर्शे नको. डाव्या लेनमध्ये तुमच्या मागे जो २२० ने येतो तो दहातल्या आठ वेळा पोर्शेवाला नसतो, कंपनीच्या डिझेल स्टेशन वॅगनमधला विक्री प्रतिनिधी असतो, मागे हँगरला शर्ट लटकवलेला. तसलीच घ्या. लांब, जड, सरळ जाणारी.

निंबोणी | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी गेल्या वर्षी लायसन्स बदलून घेतलं, दुसऱ्या फटक्यात. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, शिवाय प्रथमोपचाराचा वर्ग आणि डोळे तपासणी. लेखीला ३० प्रश्न, दहापर्यंत दोषगुण माफ, पण पाच-पाच गुणांचे दोन चुकले की घरी. इंग्रजीत देता येते.

पहिल्यांदा नापास झाले ती 'शुल्टरब्लिक'मुळे, म्हणजे लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून मागे बघणं. मी आरशात बघितलं होतं, मान वळवली नव्हती. माझ्या शिकवणाऱ्या आजोबांनी (सत्तरीचे असतील, हातात कायम पेपरमिंटची डबी) नंतर मला ऑटोबानवर नेलं आणि एक बाई उजवी लेन मोकळी असूनही मधल्या लेनमध्ये ११० ने चालली होती ती दाखवून म्हणाले, "ही बघ, ही सगळ्यात धोकादायक." मी म्हटलं, हळू तर चाललीये. ते म्हणाले, म्हणूनच. तिच्यामुळे सगळ्यांना एकदम डावीकडच्या लेनमध्ये शिरावं लागतं.

उजवीकडून ओलांडणं मात्र कितीही हात शिवशिवले तरी करू नका. १०० युरो आणि नावावर दंडाचा एक पॉइंट. आपल्याकडे तर तो जन्मसिद्ध हक्क आहे.

मुळशीकर | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

एक भाबडा प्रश्न. २०० ने जाऊन नक्की मिळतं काय? माझ्या मेव्हण्याने समृद्धीवर नागपूर ते इगतपुरी सरळ १४० ने मारली (मर्यादा १२० आहे हे त्याला पावती आल्यावर कळलं). विचारलं, वाटेत काय बघितलंस? म्हणे, काँक्रीट.

सोलापुरी_चादर | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:२६

मुळशीकर, तुम्ही सायकल घ्या. (हलके घ्या)

रबरी_बाबा | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:४८

समृद्धीचा विषय निघालाच आहे तर बोलतो, टायर हाच माझा धंदा. तिथे लोक दहा वर्षं जुने, टक्कल पडलेले टायर घेऊन सातशे किलोमीटर काँक्रीटवर तापवतात आणि मग टायर फुटला म्हणतात. इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते, त्यात टायर आधी बघतात.

गियरबदल, भाड्याची गाडी घेताना तीन गोष्टी बघा. टायरच्या अंगावर मापाच्या शेवटी एक अक्षर असतं, तो वेगाचा दाखला. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. मार्चमध्ये हिवाळी टायर असणार, आणि हिवाळी टायर बऱ्याचदा गाडीच्या कमाल वेगापेक्षा खालच्या अक्षराचे असतात. तसं असेल तर चालकाच्या नजरेसमोर कमाल वेगाचं स्टिकर असावं लागतं. ते स्टिकर सजावट नाही. तिथे २१० लिहिलं असेल तर गाडी २४० ची असली तरी तुम्ही २१० चे. दुसरं, चार आकडी तारीख. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. तिसरं, हवा. चालकाच्या दाराच्या आत किंवा पेट्रोलच्या झाकणामागे तक्ता असतो, त्यात जास्त वजनाचा वेगळा आकडा दिलेला असतो. हवा कमी असेल तर टायरची भिंत वळते, तापते आणि मग व्हायचं ते होतं. निघण्यापूर्वी, गार टायरला हवा बघा. पन्नास किलोमीटर जाऊन आल्यावर नको.

मुळशीकर | १९ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

हा प्रतिसाद प्रिंट काढून मेव्हण्याच्या डॅशबोर्डला लावतो.

खिडकीतली_सीट | १९ फेब्रुवारी, रात्री १०:५५

माझं मत थोडं कडू आहे, चालवून घ्या. हॅम्बुर्गला बारा वर्षं आहे. हा सगळा 'मोकळ्या नागरिकांना मोकळा रस्ता' प्रकार म्हणजे १९७४ ची एक घोषणा आहे, तेलाच्या संकटात काही महिने १०० ची मर्यादा आली होती, तेव्हा मोटारचालकांच्या संघटनेने काढलेली. त्याच संघटनेने २०२० मध्ये सरसकट विरोध सोडला. बर्लिन-हॅम्बुर्गच्या ए-२४ वर ब्रांडेनबुर्गात एका लांब पट्ट्यावर २००२ मध्ये १३० लावलं, तर तिथले अपघात निम्म्यावर आले. मग अडलंय कुठे? पुढाऱ्यांच्या धाडसावर, दुसरं काय.

आणि २०० वर थांबायला किती लागतं ते या धाग्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. ड्रायव्हिंग स्कूलच्या ठोकताळ्याने जोरात ब्रेक मारला तर १३० ला प्रतिक्रियेसकट सव्वाशे मीटर, २०० ला २६० मीटर. वेग दीडपट, अंतर दुपटीहून जास्त. २०० ला एका सेकंदात ५५ मीटर जातात, म्हणजे पावणेतीन क्रिकेटच्या खेळपट्ट्या. गाणं बदलायला बटण शोधलंत की पाच खेळपट्ट्या गेल्या.

दोन वर्षांपूर्वी हानोव्हरच्या अलीकडे आम्ही गर्दीत थांबलो होतो. थांबायच्या आधीच सगळ्या गाड्या सरकल्या, डाव्या लेनमधल्या अजून डावीकडे, बाकीच्या उजवीकडे, मधे रुग्णवाहिकेपुरती वाट. कोणी सांगितलं नाही, शिट्टी नाही, पोलीस नाही. ही वाट सोडली नाही तर २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर लायसन्स जमा, पण तेव्हा कोणाच्या मनात दंड नव्हता. त्या वाटेने आधी पोलीस गेले, मग दोन रुग्णवाहिका, मग हेलिकॉप्टर उतरताना ऐकलं. आणि मग बराच वेळ काहीच गेलं नाही. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याने विचारलं, आता परत कोणी का येत नाही? मी त्याला बिस्किट दिलं.

जायचं तर जा. पण 'मेलो तरी चालेल' असलं लिहू नका हो.

गियरबदल | १९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

खिडकीताई, चुकलं माझं. भावाचं वाक्य होतं, पण हसून मीच लिहिलं.

तात्या_ब्राउनश्वाइग | २० फेब्रुवारी, सकाळी ८:१०

ए-२४ चं मान्य. पण दुसरी बाजूही बघा. २०२३ मध्ये जर्मनीत सगळ्या रस्त्यांवर मिळून २,८३९ माणसं गेली, भारतात १ लाख ७२ हजारांच्या वर. लोकसंख्या सतरा पट धरली तरी आपण साडेतीन पट आहोत. आणि इथले बहुतेक मृत्यू ऑटोबानवर होत नाहीत, गावाबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यांवर होतात, जिथे १०० ची मर्यादा आहे आणि समोरून गाडी येते. नुसत्या वेगाने माणूस मरत नाही, वेगातल्या फरकाने मरतो.

खिडकीतली_सीट | २० फेब्रुवारी, सकाळी ८:४४

बरोबर. आणि तो फरक कोण तयार करतं? २२० वाला. तुमचाच हिशेब आहे तात्या, २८ मीटरचा.

तात्या_ब्राउनश्वाइग | २० फेब्रुवारी, सकाळी ८:५१

😄 सापडलो.

मोडी_वाचक | २० फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

वाचनखूण साठवली. थोडं अवांतर. २८ जानेवारी १९३८. फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट रस्ता, आजचा ए-५. सकाळी मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओलाने ताशी ४३२ किलोमीटरचा विक्रम केला, सार्वजनिक रस्त्यावर! त्याच दिवशी तो मोडायला ऑटो युनियनचा बेर्न्ड रोझमायर निघाला. वारा वाढला होता. ४०० च्या पुढे असताना गाडी बाजूच्या वाऱ्यात सापडली आणि तो गेला, वय २८. त्या जागी रस्त्याकडेला झाडांत अजून स्मारक आहे. जवळच वाहनतळ आहे, लोक सँडविच खायला थांबतात.

वारा हा मुद्दा गियरबदल यांच्या कामाचा आहे. ए-८१ वर होर्बजवळ नेकार नदीवर सव्वाशे मीटर उंचीचा पूल लागतो. दरीवरच्या पुलावर वाऱ्याची दिशा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची कापडी पिशवी दिसली की दोन्ही हात स्टिअरिंगवर.

सोलापुरी_चादर | २० फेब्रुवारी, सायंकाळी ६:४१

तो चेक कोट्यधीश आठवतो का, ए-२ वर बुगाटी ४१७ ने पळवली २०२१ मध्ये आणि व्हिडिओ टाकला? चौकशी झाली, पुढे सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं. म्हणजे २०० म्हणजे काहीच नाही भावा.

निंबोणी | २० फेब्रुवारी, सायंकाळी ७:१५

चादर, तुम्ही गप्प बसा बरं.

गियरबदल, पाट्यांचं राहिलं. १२० च्या खाली 'बाय नेस्से' असेल तर ती मर्यादा रस्ता ओला असतानाच. खाली २२-६ लिहिलं असेल तर रात्रीपुरती, आसपासच्या गावांना आवाज नको म्हणून. रेडिओ चालू ठेवा. गाणं मधेच तोडून अमुक रस्त्यावर उलट्या दिशेने गाडी येतेय असं सांगितलं की उजवीकडे राहा, कोणालाही ओलांडू नका. भावाचं नाव करारात जोडलं नसेल तर त्याला पार्किंगमध्येसुद्धा चालवायला देऊ नका.

गियरबदल | ९ मार्च, रात्री १०:०५

जाऊन आलो! सविस्तर लिहितो.

सहा वाजता निघालो. गाडी डिझेल, ऑटोमॅटिक, स्टेशन वॅगन, पांढरी. ती बघून भावाचा चेहरा पडला. "ही तर ॲम्ब्युलन्स आहे." रबरी बाबांचं ऐकून टायर बघितले, अक्षर एच, आणि स्पीडोमीटरजवळ स्टिकर २१०. हवा दोन पुढच्या चाकांत कमी निघाली, भरली.

हेरेनबर्गचा बोगदा संपल्यावर आभाळ स्वच्छ, रस्ता कोरडा. होर्बच्या पुलावर खरंच गाडी एकदा हलकेच डावीकडे ढकलली गेली, तेव्हा १३० वरच होतो. भाऊ म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, रोझमायर. त्याला काही कळलं नाही.

रॉटवाइलच्या पुढे एक लांब उतार, पुढे काहीच नाही, मागे काहीच नाही. दोनदा बघितलं (तात्या!). १५०, १६०, १७०. इथवर गाडीला काही वाटतच नाही. १८० नंतर आवाज बदलतो, इंजिनाचा नाही, वाऱ्याचा, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसला. सगळ्यात विचित्र म्हणजे नजर. जवळचं दिसेनासं होतं. बाजूच्या कठड्याची नुसती रेघ होते आणि आपण खूप लांब, जिथे रस्ता वळतो तिथे, डोळे लावून बसतो. १९५. २००. २०४. भाऊ मोबाईलवर शूटिंग करणार होता. मोबाईल मांडीवर पडला होता आणि दोन्ही हातांनी त्याने दाराचं हँडल धरलं होतं. एक शब्द नाही. नाशिकहून निघाल्यापासून पहिल्यांदा.

मग फार लांबवर एक लाल ठिपका उजव्या लेनमधून इंडिकेटर देताना दिसला. मी पाय काढला. म्हणजे नुसता काढला, ब्रेकही नाही. तो डावीकडे आला तेव्हा मी १६० वर होतो, जवळ पोचलो तेव्हा ११५ वर. लहानशी जुनी फियाट, आत म्हातारं जोडपं, मागच्या काचेत कुत्र्याचं उशीसारखं अंथरूण. आजोबांनी सायकलवाला ओलांडावा तशा शांतपणे एक कॅराव्हॅन ओलांडली आणि उजवीकडे गेले. त्यांनी आरशात माझी टिकली बघितली होती का, माहीत नाही.

दोनशेच्या वर एकूण किती वेळ? व्हिडिओ नाही, पण भाऊ म्हणतो वीस सेकंद. मला तेवढीही वाटत नाहीत. गाइझिंगेनच्या पुढे स्वित्झर्लंडच्या नंबरच्या तीन गाड्या एकामागोमाग गेल्या, तेव्हा मी १४० वर उजवीकडे होतो. त्यांच्याकडे घरी १२० ची मर्यादा, हौस भागवायला इकडे येतात. आम्हीही त्यातलेच.

धबधबा छान आहे. भावाने तिथे चार तास फोटो काढले. पोर्शेचा विषय परत निघाला नाही.

मुळशीकर | ९ मार्च, रात्री १०:३०

कुकरची शिट्टी! मस्त लिहिलंय. मावशीला काय सांगितलं?

गियरबदल | ९ मार्च, रात्री १०:३३

धबधबा.

खिडकीतली_सीट | १० मार्च, सकाळी ७:५०

सुखरूप आलात, बरं वाटलं. पाय काढला ते आवडलं.

गियरबदल | १४ एप्रिल, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. आज पाकीट आलं. ८ मार्च, सायंकाळी ५:५२, रस्त्याच्या कामाचा पट्टा, मर्यादा ८०, वेग सूट वजा जाता ९१. दंड ४० युरो. शिवाय गाडी भाड्याने देणाऱ्यांनी पत्र पुढे पाठवायचे वेगळे पैसे लावलेत, ते जवळपास दंडाएवढेच. सकाळी २०४ ला कोणी विचारलं नाही.

सोबत फोटो आहे. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून एकदम शहाण्यासारखा समोर बघतोय. शेजारची सीट त्यांनी काळी केलीये, पण खाली मांडीवरचा चिवड्याचा डबा दिसतोय.

सोलापुरी_चादर | १४ एप्रिल, रात्री ८:१७

अखेर फोटो आला. टाका!